डीबगरच्या स्क्रिप्टमधील स्पेस : माझा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या मागांवर आडवे धागे मोजणारा जो कंट्रोलर बसवला जातो, त्याचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत कायम राहणारा प्रोग्राम, आम्ही जीडीबी या डीबगरच्या (प्रोग्राममधील चुका शोधण्याच्या साधनाच्या) स्क्रिप्ट लिहून तपासतो. बोर्डाच्या मेमरीतील आकडा वाचून फाइलमध्ये उतरवणारी एक कमांड मी नव्याने लिहिली, कारण जुनी कमांड कोणतीही तक्रार न करता भलताच आकडा देत होती.

जुनी कमांड 'डिफाइन' ही जीडीबीची नवी कमांड बनवण्याची सोय वापरून केलेली होती. अशा कमांडपुढचा मजकूर जीडीबी स्पेसवर तोडते आणि एकेक तुकडा 'डॉलर आर्ग शून्य', 'डॉलर आर्ग एक' अशा नावांच्या जागी जसाच्या तसा बसवते. त्यामुळे 'बेस+४' ('बेस' म्हणजे मेमरीतील सुरुवातीचा पत्ता) हे एक आर्ग्युमेंट, म्हणजे कमांडला दिलेला एक तुकडा, ठरते, तर 'बेस + ४' ही तीन ठरतात. स्क्रिप्ट पहिलेच आर्ग्युमेंट वाचत होती आणि उरलेली दोन निमूटपणे सोडून दिली जात होती. जो आकडा खरा वाटतो, पण शेजारच्या पत्त्यावरचा असतो, तो सरळसरळ एरर येण्यापेक्षा कितीतरी घातक आहे असे माझे ठाम मत आहे. 'डॉलर आर्गसी'मध्ये आर्ग्युमेंटची संख्या मिळते, आणि ती तपासली तरी निदान एरर देता येतो; पण आमच्या मुलांनी स्पेस देऊन नीट वाचता येईल असे लिहू नये, ही अट मला मान्य नव्हती.

म्हणून पायथन या प्रोग्रामिंग भाषेकडे वळलो. जीडीबीच्या कमांड पायथनमध्ये लिहिण्याची सोय २००९ च्या जीडीबी ७.० पासून आहे. येथे कमांडला सगळा मजकूर एकाच स्ट्रिंगमध्ये मिळतो आणि तो कसा तोडायचा हे आपण ठरवतो. पायथनचे मजकूर तोडणारे साधे 'स्प्लिट' अवतरणचिन्हे ओळखत नाही, म्हणजे 'रात्र पाळी' अशा नावाच्या फाइलचे दोन तुकडे होतात. जीडीबीचे 'स्ट्रिंग टू आर्गव्ही' अवतरणांतील स्पेस सांभाळते, परंतु ती अवतरणे काढूनही टाकते; मग एकेरी अवतरणांत लिहिलेले अक्षर एक्स्प्रेशनमध्ये ('बेस + ४'सारख्या गणितात) व्हेरिएबलचे नाव होऊन बसते. शेवटी मी पुढच्या बाजूने फक्त फाइलचे नाव वेगळे काढले, त्यात स्पेस असल्यास दुहेरी अवतरणे सक्तीची केली, आणि उरलेला भाग हात न लावता एक्स्प्रेशनची किंमत काढणाऱ्या जीडीबीच्या 'पार्स अँड इव्हॅल'कडे सोपवला. एक्स्प्रेशनमधल्या स्पेसचा अर्थ लावण्याचे काम जीडीबीच्या पार्सरचे, म्हणजे मजकूर वाचून समजणाऱ्या भागाचे आहे.

वर्डमधून चिकटवलेल्या ओळींत कधी न तुटणारी स्पेस येते, जी डोळ्यांना साध्या स्पेससारखीच दिसते. पायथनचे 'स्प्लिट' तिला स्पेस मानते, जीडीबीचा पार्सर मानत नाही. ती आढळली की कमांड आता स्पष्ट एरर देऊन थांबते.

हे सर्व प्रकार, स्पेसऐवजी टॅब असलेलेही, मी एका चाचणी फाइलमध्ये ठेवले असून ती फाइलमधून कमांड वाचणाऱ्या 'सोर्स'नेच चालवतो, कारण टर्मिनलवर टॅब दाबला की नाव पूर्ण करण्याची सोय सुरू होते आणि तो टॅब कमांडपर्यंत पोहोचतच नाही.