देवगडचा मे महिना आणि दोन फेरेट

पुतणी शिकायला जर्मनीला गेली आणि तिचे दोन फेरेट (लांबट अंगाचे, मांसाहारी पाळीव प्राणी), बाळू आणि चिंगी, मार्चमध्ये देवगडला माझ्याकडे आले. शेजारच्या काकी पिंजऱ्यात डोकावून म्हणाल्या, “ह्या मुंगसाक काय घालतंस गो?” दिसायला तसाच, पण मुंगूस हा वन्यप्राणी, तो घरात ठेवणं गुन्हा आहे. फेरेट पिढ्यान्‌पिढ्या माणसाळलेला, आणि नात्याने पाणमांजराच्या जवळचा.

खाणं म्हणजे मांसच. भात, पोळी, फळं त्याला पचत नाहीत. आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं, म्हणून दिवसभर थोडं थोडं द्यावं लागतं. चिकन, काळीज, कधी अंडं. काकी प्रेमाने बांगडा आणायच्या, त्याला मात्र मी ठाम नाही म्हटलं. काही कच्च्या माशांत बी-1 जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. आणि आपल्या हवेत कच्चं मांस अर्ध्या तासाच्या वर ताटलीत ठेवायचं नाही, लगेच वास मारतं.

खरी कसोटी उन्हाळ्याची. फेरेटला आपल्यासारखा घाम येत नाही. म्हणजे पंख्याचा वारा आपल्याला सुखावतो, त्याला तो नुसता गरम वारा. 27 अंशांच्या वर त्याला त्रास होऊ लागतो, 30 च्या वर जिवाला धोका. देवगडला मे महिन्यात पारा 33-34 ला असतो आणि हवा इतकी दमट की ओलं फडकं लवकर वाळत नाही. वाळ्याचे पडदे, ओलं गोणपाट हे देशावरचे उपाय इथे चालत नाहीत, कारण पाण्याची वाफ फारशी होतच नाही.

आमचं घर चिऱ्याचं, कौलारू. कौलांखाली एसी लावणं म्हणजे वीज फुकट घालवणं. माजघराला मात्र लाकडी माळा आहे, खिडकी एकच. तिथेच एसी बसवला, इन्व्हर्टरवर छोटा पंखा ठेवला, आणि फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायची सवय लावली. चिंगी बाटलीला पोट लावून झोपायची. बाळू कोबा शोधायचा.

एका दुपारी वळवाचा गडगडाट झाला आणि लाइट गेली, ती रात्रीपर्यंत आली नाही. संध्याकाळी बाळू चारी पाय पसरून पडला होता. तोंड उघडं, श्वास भराभर, नाक आणि कान लालबुंद. मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी बजावलं, बर्फ लावू नका, कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच अडकते. साधं पाणी घेऊन तळपाय, पोट, मांड्यांच्या बेचक्यात ओलं केलं. मग गाडीचा एसी सुरू करून तालुक्याच्या डॉक्टरांकडे. ते गाई-म्हशींचे, फेरेट पहिल्यांदाच बघत होते, पण फोनवर मुंबईला विचारत विचारत त्यांनी थर्मामीटर लावला. 41 च्या वर. फेरेटचं शरीर एरवी 38 ते 40 अंशांत असतं. साडेएकोणचाळीसला आल्यावर ओलं करणं थांबवलं, नाहीतर ताप खाली घसरतच जातो. कातडीखाली सलाइन दिलं. पहाटे बाळूने माझ्या बोटावरची काळजाची पेज चाटली तेव्हा मला रडू आवरलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात मोठी बॅटरी घेतली. खर्च झाला, पण कोकणात फेरेट ठेवायचा तर ही सोय आधी, प्राणी नंतर, असं मी कुणालाही सांगेन. ज्यांच्याकडे थंड खोली नाही त्यांनी घेऊच नये.

जूनमध्ये पाऊस धरला आणि पारा उतरला, पण दमटपणा होताच. दोघं झोपतात त्या कापडी झोळ्यांना बुरशी धरते, म्हणून त्या इस्त्री करून वाळवते. घरात कुणाला फ्लू झाला तर त्याने माजघरात जायचं नाही, कारण माणसाचा फ्लू फेरेटला लागतो. 1933 मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांना माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला तो फेरेटवरच्या प्रयोगांतूनच. आता राहिली डिस्टेंपरची लस. डिस्टेंपर म्हणजे कुत्र्यांकडून फेरेटला लागणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार. वाडीतल्या कुत्र्यांमुळे ती टाळून चालणार नाही, गणपतीआधी दोघांना घेऊन मुंबई गाठायची आहे.