वार एक की दोन, एवढं लिहा!

‘जुळे गर्भ, दोघांचेही ठोके व्यवस्थित.’ जुळ्यातल्या एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे वाहू लागलं की पोटातच लेसर करावं लागतं. त्यासाठी पुढे पाठवायच्या पेशंटची फाईल उघडली की मी आधी सोनोग्राफी रिपोर्टमधल्या या ओळीवर चिडतो. ठोके कळले हो, पण वार (प्लॅसेंटा) एक की दोन? लिंगनिदानबंदी कायद्यासाठीच्या फॉर्म एफचा रकाना न रकाना भरलेला आणि पुढचं सगळं जिच्यावर ठरणार ती ओळ गायब.

हे 11 ते 14 आठवड्यांतच बघायचं असतं. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला मिळतो ती जागा शोधायची. पडद्याच्या बुडाशी वारेची पाचर शिरलेली दिसली, तर वारा दोन. पातळ पडदा ‘टी’ अक्षरासारखा काटकोनात येऊन टेकला, तर वार एक. मिनिटाभराचं काम. विसाव्या आठवड्यापर्यंत ही पाचर विरत जाते, मग भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. एक मुलगा आणि एक मुलगी दिसली तर वारा जवळपास नक्की दोन, हा परदेशातला सोपा पुरावा. आपल्याकडे लिंग सांगणं गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. पण मग पहिल्या सोनोग्राफीत तरी चुकारपणा नको ना!

बीडकडच्या ऊसतोडीच्या बायांचं तर आणखी अवघड. दिवाळीच्या सुमारास टोळी कारखान्याकडे निघते. पहिली सोनोग्राफी गावात, दुसरी तिकडे, आणि फाईल घरी पत्र्याच्या पेटीत. म्हणून पडद्याच्या त्या जागेचा फोटो मी नवऱ्याच्या मोबाइलमध्ये काढून ठेवायला लावतो.

एका वारेत दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात. शंभरातल्या 10 ते 15 जणींमध्ये त्यातून रक्त एकाच बाजूला वाहू लागतं. देणाऱ्या बाळाची लघवी घटते, त्याच्या पिशवीतलं पाणी 2 सेंमीच्या खाली जातं. घेणाऱ्याचं 8 सेंमीच्या वर, विसाव्या आठवड्यानंतर बरेच जण 10 धरतात. देणाऱ्याचं मूत्राशय दिसेनासं झालं की आजाराची दुसरी पायरी. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी, आणि दोन्ही पिशव्यांतला पाण्याचा सर्वांत खोल कप्पा वेगवेगळा मोजायचा. कृपा करून बेरीज लिहू नका. एकीकडे 1 आणि दुसरीकडे 11 असले तरी बेरीज साळसूदच दिसते. ‘जुळं आहे, पोट मोठं दिसणारच’ हे घरच्यांनी म्हटलं तर समजू शकतो, आपण म्हणू नये.

लेसर साधारण 16 ते 26 आठवड्यांत. घेणाऱ्या बाळाच्या पिशवीत सुमारे 3 मिमीची नळी, तिच्यातून दुर्बीण. वारेवर दोन्हीकडच्या वाहिन्या जिथे भेटतात ते जोड एकेक करून जाळतात. मग सोलोमन पद्धतीने जाळलेले ठिपके वारेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघेने जोडतात, नाहीतर बारीक जोड शिल्लक राहून एक बाळ फिकट आणि दुसरं घट्ट रक्ताचं होतं. शेवटी त्याच नळीतून जास्तीचं पाणी काढतात. वार पुढच्या भिंतीवर असली तर नळी घालायची जागा शोधणंच अवघड. नुसतं पाणी काढत राहण्याचा जुना उपाय 2004 च्या युरोपीय चाचणीत मागे पडला: किमान एक बाळ 28 दिवस जगण्याचं प्रमाण लेसरने 76 टक्के, पाणी काढून 56.

नांदेडहून हैदराबाद धरा नाहीतर बीडहून पुणे, पण निघण्याआधी फोन करून ‘लेसर तुमच्याकडेच होतं का’ असं विचारा. सोनोग्राफीपुरतंच केंद्र असेल तर दिवस जातो. गर्भाशयाच्या तोंडाची लांबी मोजून पाठवा. आणि हो, रक्तगट! आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन लागतं.

परतल्यावर सुरुवातीला दर आठवड्याला सोनोग्राफी, बाळांच्या मेंदूच्या वाहिनीतला रक्तप्रवाह मोजणाऱ्या डॉपलरसकट. खालून पाणी गेल्यासारखं वाटलं तर रात्र असली तरी निघायचं, हे सासूबाईंनाही सांगून ठेवा. वाट बघायचा निर्णय बहुतेक त्यांचाच असतो.