तुम्ही विचारलंत म्हणून : भाऊ बरा दिसतोय, मग गोळी कशाला?

"आता चांगला बोलालाय की! मग गोळी कशाला चालू ठेवलीस अजून?"

लग्नात पंगतीला बसलं की हा प्रश्न येतो. मार्केट यार्डात अडतीवर हळदीच्या पट्ट्या लिहीत असते, तिथंही येतो. विचारणारी माणसं वाईट नाहीत. धाकट्याच्या मायेपोटीच विचारतात हे मला कळतं, आणि म्हणूनच आजवर "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढं म्हणून मी विषय बदलत आले. त्यानं कुणाचं समाधान झालं नाही, माझंही नाही. आज नीट उत्तर देते. स्किझोफ्रेनियाचं निदान, त्याला ऐकू येणारे आवाज, घरातलं ते पहिलं वर्ष हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. ते पुन्हा उगाळत नाही.

तो बरा दिसतोय ते गोळी चालू असताना. गोळी बंद केली तर तिचा अंमल थोड्याच दिवसांत उतरतो, पण आजार लगेच परत येत नाही. कधी काही आठवडे जातात, कधी कितीतरी महिने. त्या मधल्या काळात सगळे म्हणतात, "बघ, बंद केली तरी काही झालं नाही." आणि पुढं जेव्हा होतं, तेव्हा बंद केलेल्या गोळीची आठवण कुणालाच राहत नाही. मग जागरण, उन्हाळा, नाहीतर कुणाचं तरी टोचून बोलणं कारण ठरतं.

आता गोळी करते काय? मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात तो रसायनांमार्फत. त्यातलं एक डोपामिन. ते पुढच्या पेशीवरच्या एका ठरावीक प्रथिनावर जाऊन बसलं की निरोप पोचतो. त्या प्रथिनाला रिसेप्टर म्हणतात, आणि आपल्या कामाचा आहे तो डी-२. एसटी फलाटाला लागायच्या आत आपण खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो ना, तसं ही गोळी करते. सीट धरलेली असते, पण प्रवासी कुणी बसलेला नसतो. डोपामिन येतं आणि जागा नाही म्हणून उभं राहतं. धाकट्याच्या मेंदूच्या एका भागात डोपामिनची नको इतकी गर्दी होते. पंख्याच्या आवाजालाही, रस्त्यावरून जाणाऱ्याच्या खोकल्यालाही त्यामुळं अर्थ चिकटतो, आणि तो अर्थ त्याच्याच विरुद्ध असतो. काही सीट धरल्या की ही गर्दी आवरते. एवढंच काम. गोळी त्याला "गुंगीत ठेवते" म्हणून तो बरा आहे, ही समजूत चुकीची आहे. गुंगी येते ती वेगळ्या रिसेप्टरमुळं.

हे आधी कुणी गणित मांडून शोधलेलं नाही. १९५२ साली पॅरिसमध्ये जां दले आणि पिएर देनिकर या मनोविकारतज्ज्ञांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरलं, रुग्ण सावरताना पाहिले, आणि का सावरतात ते मागाहून शोधलं गेलं. डोपामिनकडं बोट दाखवलं स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९६३ मध्ये. पुढं १९७० च्या दशकाच्या मध्यावर टोरांटोत फिलिप सीमन आणि बाल्टिमोरमध्ये सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळांनी दाखवून दिलं की जे औषध हा रिसेप्टर जितकं घट्ट धरतं, तितकं ते कमी मिलिग्रॅममध्ये भागतं. म्हणूनच हॅलोपेरिडॉल हे याच जातीचं दुसरं औषध पाच-दहा मिलिग्रॅम पुरतं आणि क्लोरप्रोमाझिन शेकड्यांनी लागतं. गोळीवरचा आकडा बघून "ही पाचचीच आहे, हलकी असेल" म्हणणाऱ्या माझ्या मामांना हे मी कितीदा तरी सांगितलंय.

पण तुमच्या प्रश्नामागं खरं काय आहे ते मला ठाऊक आहे. तुम्हाला ती संध्याकाळ आठवते.

मिरजेच्या एका दवाखान्यातून त्याला घरी आणलं होतं. तिथं इंजेक्शनं दिली होती, घरी हॅलोपेरिडॉलच्या गोळ्या होत्या. दोन-तीन दिवस गेले असतील. दिवेलागणीला तो चहा पीत बसला होता, आणि कप हातातून सुटला. आधी जबडा आवळला. मग जीभ बाहेर आली ती आत जाईना. मान डाव्या खांद्याकडं वळायला लागली, कुणीतरी धरून पिळावी अशी, आणि डोळे वर छताला लागले. बुबुळं खाली येईनात. बोलायला जायचा, घशातून नुसता घरघर आवाज यायचा.

आत्या ओरडली, "अंगात आलंय!" आजूबाजूची माणसं गोळा झाली. कुणी अंगारा आणला, कुणी लिंबू. औदुंबरला न्या म्हणून सांगणारे चौघं होते, आणि गाडी काढायला एकजण तयारही झाला होता. शेजारचे एक काका, सज्जन माणूस, त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि दरडावून विचारायला लागले, "कोण आहेस तू? कुठनं आलास? काय पाहिजे तुला?" पुन्हा पुन्हा तेच. धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते पाणी पाहून लोक म्हणाले, बघा, आता सोडायला लागलंय.

मी आणि शेजारचा एक मुलगा त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेलो, दुसऱ्या. अपघात विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं एकच विचारलं, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" मी पदराला बांधलेली स्ट्रिप काढून दाखवली. नाव वाचलं, मान डोलावली आणि सिस्टरना फेनरगनचं इंजेक्शन भरायला सांगितलं. पंधरा-वीस मिनिटांत मान सरळ झाली. डोळे खाली आले. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला ते असं : "ताई, मला सगळं ऐकू येत होतं."

सगळं म्हणजे सगळं. या झटक्यात माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. "कोण आहेस तू" असं त्याच्या तोंडावर विचारलं जात होतं, आणि "मी आहे, मीच आहे" एवढं त्याला म्हणायचं होतं. महिनोन्महिने नसलेले आवाज ऐकत आलेला मुलगा, त्या संध्याकाळी खरेखुरे आवाज त्याला तू तू नाहीस असं सांगत होते. मी आजही हे लिहिताना थांबते.

आणि होय, ते औषधानंच झालं होतं. तुम्ही "गोळ्यांनीच त्याचं तसं झालं" म्हणता तेव्हा मी वाद घालते, पण त्या एका संध्याकाळपुरतं तुमचं बरोबर आहे. डी-२ रिसेप्टर मेंदूत एकाच ठिकाणी नसतात. विचारांना अर्थ चिकटवणाऱ्या भागात असतात, तसे हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या भागातही असतात. गोळीला त्यातला फरक कळत नाही, ती दोन्हीकडं जागा धरते. हालचालीच्या भागात डोपामिनला अटकाव झाला की तिथलं दुसरं रसायन, ॲसिटिलकोलिन, वरचढ होतं आणि स्नायू आवळतात. तरुण मुलांमध्ये, औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत हे होण्याची शक्यता जास्त असते. फेनरगननं ॲसिटिलकोलिनचे रिसेप्टर अडवले आणि तोल परत आला. पुढं काही दिवस पॅसिटेनची गोळी दिली तीही त्याचसाठी.

असं होऊ शकतं, झालं तर घाबरू नका, लगेच या : ही दोन वाक्यं पहिल्या दवाखान्यात कुणीतरी बोलायला हवी होती. बोललं नाही. त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि तो घालवायची मला गरजही वाटत नाही.

त्या रात्री घरी आल्यावर मी सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत भरल्या होत्या. आयर्विन पुलावर जाऊन कृष्णेत सोडायच्या, असं ठरवलं होतं. त्या वेळची जी मी, तिचं म्हणणं साधं होतं : ज्यानं माणसाची मान पिरगळते ते औषध कसलं? आजची मी तिला सांगते की अगं, आवाज थांबवणारी आणि मान पिरगळणारी कृती एकच आहे, फक्त जागा वेगळी. पुढं मेंदूच्या स्कॅनमधून हे मोजलंही गेलं. साधारण ६५ टक्के डी-२ रिसेप्टर धरले गेले की बहुतेकांना गुण येतो, आणि ८० टक्क्यांच्या आसपास गेलं की ताठरपणा, थरथर सुरू होते. मधली पट्टी एवढीच. म्हणजे प्रश्न औषध की विष हा नव्हता, डोस किती आणि औषध कुठलं हा होता. तेवढ्यावर ती गप्प बसत नाही. ती विचारते, "आणि हरिपूर?" पहाटे उठून सायकलवर हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर जाणारा पोरगा आता सायकलचं कुलूपही काढत नाही, त्याचं काय? हुरूप वाटणं, एखादी गोष्ट हवीशी वाटणं, हेही डोपामिनचंच काम आहे. आजारामुळंही हुरूप जातो, असं डॉक्टर सांगतात, आणि ते खरं आहे. पण यातला किती आजारानं नेला आणि किती गोळीनं, हे वेगळं काढून दाखवायला माझ्याकडं काही नाही. इथं मी तिच्यापुढं हरते.

"निदान आयुर्वेदातलं तरी दे, सर्पगंधा दे" असं सांगणाऱ्यांना माझं उत्तर थोडं कडक असतं. सर्पगंधा मी खोटी म्हणत नाही. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि रक्तदाबावर तिचा गुण लिहून ठेवलाय. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. पण ते करतं काय? मज्जातंतूंच्या टोकाशी साठवलेलं डोपामिनच रिकामं करतं. कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं तेव्हा ससे कान पाडून निपचित पडले, आणि डोपामिन ज्यापासून बनतं ते एल-डोपा दिल्यावर उठले. म्हणजे मुळी उगाळून दिली काय आणि गोळी दिली काय, हात डोपामिनलाच घातला जातो. मुळी जमिनीतून आली म्हणून तिला धाकट्याच्या मेंदूतल्या दोन जागांतला फरक कळतो असं नाही.

सवय लागेल, हीही एक भीती. दारूची, झोपेच्या गोळीची तलफ लागते तशी या गोळीची लागत नाही. एखादी रात्र चुकली तर तो कासावीस होऊन शोधत नाही, शोधते मीच. २०१९ च्या ऑगस्टात पुराचं पाणी शहरात शिरलं तेव्हा घरातून निघताना कागदपत्रांच्या पिशवीत मी सगळ्यात आधी त्याच्या गोळ्या टाकल्या.

मात्र यातलीच एक गोष्ट मला टोचते आणि ती लपवत नाही. वर्षानुवर्षं रिसेप्टर अडवून ठेवले की पेशी आणखी रिसेप्टर तयार करतात, असलेले जास्त संवेदनशील होतात. मग औषध एकदम तोडलं तर डोपामिनचा परिणाम पूर्वीपेक्षा जोरात होऊ शकतो. म्हणजे गोळी बंद केल्यावर जे उसळतं त्यात मूळ आजार किती आणि गोळीनं बदललेला मेंदू किती? यावर तज्ज्ञांमध्येच वाद आहे. तुमच्यापैकी कुणी हे विचारलं असतं तर मला खरोखर उत्तर देता आलं नसतं. मला यातून एवढंच धरून चालता येतं की कमी करायची तर हळूहळू, डॉक्टरांच्या नजरेखाली. मनानं एकदम तर कधीच नाही.

आता तो ओलान्झापिन या दुसऱ्या औषधावर आहे. मान आवळणं पुन्हा झालं नाही. पण हे औषध भुकेशी संबंधित हिस्टामिनचे आणि सेरोटोनिनचे रिसेप्टरही अडवतं. जेवून हात धुतलेला माणूस अर्ध्या तासात स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो, "ताई, भाकरी उरलीय का?" भाकरी उरलेली असते. मी कधी देते, कधी नाही म्हणते, आणि दोन्ही वेळा मला वाईट वाटतं. शर्टांची बटणं लागेनाशी झाली, साखर तपासावी लागते. टीव्ही बघताना मी त्याच्या ओठांकडं बघत असते, कारण ही औषधं फार वर्षं घेतल्यावर काहींचे ओठ-जीभ आपोआप हलायला लागतात. त्याला ते कळतं. मध्यंतरी म्हणाला, "ताई, माझ्या तोंडाकडं बघू नको. झालं तर मीच सांगीन."

त्याला डोस कमी करून हवाय. मला भीती वाटते. डॉक्टर म्हणतात, हिवाळा जाऊ दे, मग थोडं उतरवून बघू. आमचं यावर घरात भांडण होतं आणि ते मिटलेलं नाही.

तेव्हा विचारायचंच असेल तर यापुढं मला बाजूला घेऊन विचारू नका, आणि तो शेजारी बसलेला असताना माझ्याकडं बघून तर नकोच. त्यालाच विचारा. गोळीचं नाव, ती काय करते, त्याला तिचं काय आवडत नाही, हे सगळं तो माझ्यापेक्षा नीट सांगतो.