जेरी स्लोन आणि परभणीचं सिमेंट कोर्ट

सोमवार, रात्र

साडेपाचला ऊन कललं तरी सिमेंट तापलेलंच होतं. वर धुळीचा थर, स्लाइड घेताना, म्हणजे वाकून आडवं सरकताना, बूट सटकतो. ओलं पोतं फिरवलं की पकड येते, त्याला अर्धी बादली पाणी पुरतं. आज बास्केटबॉलचा फक्त डिफेन्स, म्हणजे समोरच्याला अडवणं. पहिली वीस मिनिटं बॉल पिशवीतच.

सरकताना लेकरांचे पाय एकमेकांना चिकटतात. चिकटले की दिशा बदलायला आधी पुन्हा फाकवावे लागतात, तेवढ्यात समोरचा खांद्याला खांदा लावून निघून जातो. मग हात जातो आणि फाउल होतो. पाच झाले की बाहेर. म्हणून पाय खांद्यांपेक्षा वीतभर रुंद, टाचा जेमतेम टेकलेल्या, कंबर खाली, नजर त्याच्या पोटावर, बॉलवर नाही. उजवीकडं जायचं तर डाव्या पायानं जमीन रेटायची. कबड्डी खेळलेल्या पोरांना हे लवकर उमगतं. वीस सेकंदांचे सहाच सेट, कारण सिमेंटवर त्याहून जास्त केलं की नडग्या धरतात.

हे शिकवताना जेरी स्लोन डोक्यात असतो. इलिनॉयमधल्या शेतावर वाढलेलं, दहा भावंडांतलं शेंडेफळ. १९६६ ते १९७६ एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधल्या शिकागो बुल्स संघाचा गार्ड (बास्केटपासून लांब खेळणारा), चार वेळा लीगमधल्या सर्वोत्तम डिफेन्डरांच्या पहिल्या संघात. गार्ड असून सामन्यामागं सरासरी सातहून जास्त रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचे बॉल पकडलेले! धावत येणाऱ्याच्या वाटेत छाती देऊन उभं राहायचा. शेवटी गुडघ्यानं खेळ थांबवला. कोच म्हणून बुल्सनं त्याला तिसऱ्याच हंगामात काढलं. पुढं डिसेंबर १९८८ ते फेब्रुवारी २०११ युटा जॅझ संघाचा कोच. १९९७ आणि १९९८ला अंतिम फेरी, दोन्हीदा हरला तो बुल्सकडूनच. वर्षातल्या सर्वोत्तम कोचचा किताब मात्र त्याला एकदाही नाही, हे फार खटकतं.

डिफेन्डर कोच झाला की त्याची एक सवय कामी येते: हातात बॉल नसताना कोर्ट वाचायची. आपला माणूस दोन पास लांब असेल तर एक पाय पेंटमध्ये (बास्केटखालच्या आखलेल्या चौकटीत), मान अशी की बॉल आणि माणूस दोन्ही दिसावेत, आणि तोंड सतत चालू: ‘डावीकडून स्क्रीन!’ (त्यांचा खेळाडू तुझी वाट अडवतोय), ‘मी आहे मागं!’ मुकी पोरं इथंच मार खातात. एनबीएचे व्हिडिओ बघून काही जण पेंटमधून उगाच आत-बाहेर करतात. तिथं कुणाला न धरता डिफेन्डरला तीन सेकंदांवर पेंटमध्ये थांबता येत नाही. आपण खेळतो त्या फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत ती अट नाही. खुशाल थांबावं.

अडचण वेगळीच आहे. जे अंगात मुरलेलं असतं ते सांगता येत नाही. चांगला डिफेन्डर ‘असं कर’ म्हणून झटकन करून दाखवतो आणि लेकरू बघतच राहतं. तीच हालचाल संथ करून, कोणता पाय आधी ते बोलून दाखवावं लागतं.

उद्या क्लोज-आउट, म्हणजे लांब बॉल मिळालेल्याला अडवायला धावून जाणं. दोन तृतीयांश अंतर पळत, मग आखूड पावलं, एक हात वर, हातभर अंतर ठेवून थांबायचं. सकाळी साडेसहाला, सिमेंट तापायच्या आत.