तुमच्यासाठी जागा निघालीय

रविवार, रात्री उशिरा

नकाराच्या मेलची मला आता सवय झाली आहे. वाचते, बाजूला ठेवते, मेसमध्ये जेवायला जाते. आज तसं काही आलंही नव्हतं. तरी दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, आणि कारण सांगायला गेलं तर एवढंसं: आशाताईंनी, म्हणजे माझ्या इंटर्नशिपच्या तालुक्यातल्या 'आशा' आरोग्य स्वयंसेविकेने, पाठवलेला एक फोटो.

जाहिरातीचा फोटो. आरोग्य केंद्राच्या नोटीस बोर्डावरून कुणीतरी तिरपाच काढलेला. सोबत व्हॉइस मेसेज, मागे कोंबड्यांचा आवाज. "ताई, तुमच्यासाठी जागा निघालीय. लगेच भरून टाका. आपल्याच तालुक्याला मागून घ्या."

पद सार्वजनिक आरोग्य तज्ज्ञाचं. कंत्राटी. अर्जासोबत डिमांड ड्राफ्ट. इथवर सगळं ओळखीचं. मग पात्रता: कोणतीही वैद्यकीय पदवी, आणि त्यासोबत एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी), एमएचए (रुग्णालय व्यवस्थापनातली) किंवा हेल्थमधलं एमबीए. यातलं एमपीएच माझ्याकडे काही महिन्यांत असेल. त्याआधीचं कधीच नसेल. मी पोषणशास्त्राची बीएस्सी.

ही अट मला नवीन नाही. अशा जाहिराती पहिल्या सेमिस्टरपासून वाचते आहे. मग आजच एवढं का लागलं?

आमच्या वर्गात बीडीएस आहेत, बीएएमएस आहेत, बीएचएमएस आहेत, आणि मग आम्ही उरलेले: पोषण, मायक्रोबायोलॉजी, समाजकार्य. फी सगळ्यांना सारखी. एपिडेमिऑलॉजी म्हणजे रोगप्रसाराचं शास्त्र, बायोस्टॅट म्हणजे आरोग्याचं संख्याशास्त्र, सगळ्यांना तेच. लॉजिस्टिक रिग्रेशन या संख्याशास्त्रातल्या पद्धतीचं आउटपुट समजेना तेव्हा रात्री दोन वाजता आम्ही सगळे एकाच टेबलाभोवती बसलो होतो. वाटा फुटतात त्या जाहिरातीतल्या एका ओळीवर. माझ्या रूममेटला ती जाहिरात चालते, ती बीएएमएस आहे. तिला तिकडे जायचं नाही, तिला गुरुग्रामच्या कन्सल्टन्सीत जायचंय. यावर मला जे वाटतं ते मी लिहिणार नाही. ती माझी मैत्रीण आहे.

पुन्हा तेच. का लागलं?

इंटर्नशिपसाठी त्या तालुक्यात गेले तेव्हा पहिल्या आठवड्यात आशाताई माझ्याशी धड बोलतही नव्हत्या. त्यांनी माझ्यासारख्या पुष्कळ जणी पाहिल्या असणार. प्रश्नावली घेऊन येतात, माहिती भरून नेतात, फोटो काढतात, परत दिसत नाहीत. मग त्यांच्या गृहभेटींना मी सोबत जायला लागले. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला बघायला जायचं. वजन, ताप, श्वास, अंगावर पाजणं नीट आहे का. या सगळ्या भेटी पुऱ्या झाल्या की २५० रुपये. अडीचशे. पावसात ओढा ओलांडून एका पाड्यावर जाताना मी मनात भागाकार करत होते आणि त्या मला सांगत होत्या, दगडावर पाय नका देऊ, शेवाळ आहे.

दिवाळीनंतर अर्धी घरं वीटभट्ट्यांवर गेली. भिवंडी, वसई, कुठेकुठे. तीव्र कुपोषित म्हणून नाव लागलेली, दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असलेली बाळं आईच्या कडेवर बसून गेली आणि अंगणवाडीच्या रजिस्टरात त्यांच्यापुढे 'स्थलांतरित' एवढंच उरलं. मी आणि आशाताईंनी बसून यादी केली: कुठलं बाळ, कुठल्या भट्टीवर, मुकादमाचा फोन नंबर, तिथली जवळची अंगणवाडी कुठली. मग फोन लावले. काही ठिकाणी तिथल्या सेविकेने बाळाचं नाव घेतलं, काही ठिकाणी फोनच लागला नाही. दोन वर्षांत मी जे काही शिकले त्यात मला सगळ्यात खरं वाटलेलं काम हे आहे. त्यासाठी लागलं काय? यादी कशी करायची, वजनाची आधीची नोंद कशी वाचायची, कुणाला आधी फोन करायचा, एवढं कळणं. हेच तर हा कोर्स शिकवतो!

म्हणून तो मेसेज. आशाताईंनी गृहीत धरलं होतं की मी परत येणार. मी माहिती भरून नेणाऱ्यांपैकी नाही, हे त्यांनी कधीतरी ठरवून टाकलं होतं आणि मला कळलंही नव्हतं. आज ते कळलं, आणि त्याच मिनिटाला हेही कळलं की त्या दाराने मला आत येताच येणार नाही. नकाराच्या मेलमध्ये माझ्यावर कुणाचा विश्वास नसतो, त्यामुळे तो मोडतही नाही.

ज्या बाईला स्वतःला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे, जी मानधनवाढीसाठी मुंबईला मोर्च्याला जाऊन आली, ती माझ्या नोकरीच्या काळजीत नोटीस बोर्डासमोर उभी होती. हे लिहितानाही घशाशी येतंय.

संध्याकाळी उगाच २०१७ चं राष्ट्रीय आरोग्य धोरण पुन्हा उघडलं. त्यात प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचं वेगळं केडर, म्हणजे त्याच कामाचा खास नोकरवर्ग, करावं असं म्हटलंय. मोठा वाटा वैद्यकीय लोकांचा असेल, पण समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानवशास्त्र, नर्सिंग अशा शाखांतून येऊन पुढे सार्वजनिक आरोग्य शिकलेल्यांचाही विचार व्हावा, हेही त्यातच आहे. २०२२ मध्ये केंद्राने त्याची मार्गदर्शिका काढली. म्हणजे माझी जागा कागदावर आहे. त्या कागदापासून आशाताईंच्या नोटीस बोर्डापर्यंत ती अजून पोहोचली नाही.

आणि गडचिरोली? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत तिथल्याच बायकांना शिकवलं, नवजात बाळाचं वजन करायला, न्यूमोनिया ओळखायला, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनसुद्धा द्यायला. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि २०११ मध्ये घरोघरी नवजात बाळाची काळजी हा देशाचा कार्यक्रम झाला. आशाताई सातव्या दिवशी बाळाला झोळीत घालून काट्याला लावतात, त्याचं मूळ तिथे आहे. त्या बायकांना कुणी डिग्री विचारली नव्हती, काम येतं का ते बघितलं होतं. हा पेपर आम्हाला शिकवतात. शिकवतात आणि मग...

जाऊ दे.

बाकीच्या वाटाही चालून बघतेच आहे. बऱ्याच संस्थांकडून उत्तर येतं की इंटर्नला मानधन नाही, राहायची सोय तुमची तुम्ही करा. मुंबईत मामा-काका असलेल्यांना ते जमतं. नोकऱ्यांच्या जाहिरातींत 'दोन ते तीन वर्षांचा अनुभव' हवाच असतो. त्यात जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि आमच्या सिनिअर ताईंचा प्रकल्प एका मेलवर बंद पडला. आठ-दहा वर्षं क्षयरोगावर काम केलेली माणसं आता आम्ही अर्ज करतो त्याच पदांसाठी अर्ज करतात. त्यांच्यावर राग कसा धरू? त्यांनाही घरं आहेत. हिंजवडीच्या कंपन्यांत फार्माकोव्हिजिलन्सच्या (औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवायच्या), मेडिकल कोडिंगच्या (आजार-उपचारांना संकेतांक द्यायच्या) जागा असतात. ते कामही कुणीतरी नीट करायला हवंच. दादा म्हणतो घे, कर्ज तरी फिटेल. कर्जाचा विषय आज नको.

दहाच्या सुमाराला आशाताईंना फोन केला. अट समजावून सांगितली. थोडा वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं वाईट वाटलं असेल. मग म्हणाल्या, "मग दुसऱ्या कुठल्या नावानं या. मी पण स्वयंसेविका आहे कागदावर." आणि लगेच त्या दुसऱ्याच विषयावर गेल्या, यादीतल्या एका बाळाचं वजन वाढलंय, घरची माणसं लग्नासाठी चार दिवस पाड्यावर आली होती, तेव्हा त्यांनी बाळाला गाठून काट्याला लावलं.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या वजनाचाच विचार करत होते, नोकरीचा नाही. मग लक्षात आलं की दुपारपासून पहिल्यांदाच जरा बरं वाटतंय.

दुसऱ्या नावानं. सर्वेक्षक, क्षेत्र समन्वयक, प्रकल्प सहायक, काहीही. तज्ज्ञ म्हणून कुणी घेणार नसेल तर नको घेऊ दे. नंदुरबारची एक जागा मी गेल्या आठवड्यात बघून सोडून दिली होती, कारण ती पदवीधरांसाठी होती आणि पगार कमी होता. कुपोषित बाळांचा पाठपुरावा आणि अंगणवाडी सेविकांचं प्रशिक्षण, सहा महिन्यांनी मुदतवाढ. पगारात खोलीभाडं आणि एसटी भागेल, घरी थोडेच पाठवता येतील. ते आईला सांगायचंय, दादाला नंतर.

स्थलांतराची यादी आम्ही कशी केली ते दोन पानांत लिहून अर्जाला जोडणार आहे, बाळांची आणि घरच्यांची नावं काढून. तेवढा अनुभव माझ्याकडे आहे आणि तो मी लिहिणार. शेवटची तारीख शुक्रवार. सरांचं शिफारसपत्र उद्या सकाळी पहिल्या लेक्चरच्या आधीच मागते, नंतर ते मीटिंगमध्ये अडकतात.