आमची वाटचाल : शिरोलीचं कास्टिंग, कुपवाडचं बोअर, बेळगावची असेंब्ली

आमचं काम हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडीचं, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मशीनच्या व्हॉल्व्हचं बाहेरचं अंग. कास्टिंग (ओतकाम) कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीतनं, बोरिंग-होनिंग (भोक पाडून आतनं घासून गुळगुळीत करणं) सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आमच्याकडं, असेंब्ली बेळगावला उद्यमबागेत. स्पूल, म्हणजे आत सरकणारा दांडा, त्याचं बोअर (भोक) मायक्रॉनमध्ये बसवावं लागतं, बोअर गेज हे मापाचं हत्यार आत घालून काटा वर, मध्ये, खाली आणि फिरवून परत बघायचा, होनिंग स्टोन झिजला की आवाज बदलतो तो कानाला कळला पाहिजे, नवीन पोरं नुसता आकडा बघून ओके म्हणतात आणि तिकडं स्पूल अडकतो.

पूर्वी बेळगावला माल म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रीचा २ टक्के सीएसटी, वर या कमी दरासाठी गिऱ्हाइकाकडनं लागणाऱ्या सी फॉर्मच्या मागं लागायचं, समोरच्याला या टॅक्सचा सेटऑफ (वजावट) नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, समोरच्याला आयजीएसटीचं (दोन राज्यांतल्या विक्रीवरच्या जीएसटीचं) क्रेडिट मिळायला लागलं, तेव्हा कुठं कागलच्या पलीकडं, कर्नाटकात, आमचा रेट परवडायला लागला.

खरा दणका ऑगस्ट २०१९ चा. महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. पैसे भरलेलं कास्टिंग तिकडं अडकलं, तयार बॉड्या बेळगावला टेस्टिंगला पडून. आमच्या बँकेनं ड्रॉइंग पॉवर, म्हणजे स्टॉक बघून किती पैसे उचलता येतील ते, काढताना शेडमध्ये दिसतो तेवढाच स्टॉक धरला. चलनं दाखवली, रजिस्टर दाखवलं, साहेब म्हणाले बाहेरचा माल धरता येत नाही. अहो धंदा दोन राज्यांत आणि लिमिट एका शेडपुरती! सीसी (कॅश क्रेडिट) खातं ओव्हरड्रॉ, चेक परत, पगार थांबले. त्याच टायमाला शेजारच्या युनिटनं सबसिडीवर व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आणून रेट पाडले, आमची गिऱ्हाइकं नेली. मशीनला पैसा मिळतो, मशीनवर चढणाऱ्या मालाला मिळत नाही, हे मी आजही प्रत्येक मीटिंगला बोलतो.

वाचवलं उद्यमबागच्या आमच्या गिऱ्हाइकानं, अण्णांनी. त्यांचा फोन आला, "ॲडव्हान्स घ्या की हो, पण माझं बोअर दुसऱ्याकडं देऊ नका." नुसतं बोलले नाहीत, फाउंड्रीला थेट पैसे भरले आणि आमच्या बिलातनं वळते केले. त्यांच्या बॉडीला आजही मी स्वतः गेज लावतो.

२०२० ला इसीएलजीएस ही कोविडमधली सरकारी हमीच्या कर्जाची स्कीम आली, २९ फेब्रुवारीच्या कर्जबाकीच्या २० टक्के जादा कर्ज, जादा तारण नाही. केंद्राची स्कीम, त्यामुळं फाउंड्रीला मिळाले, आम्हाला मिळाले, अण्णांनाही मिळाले, आणि तिघंही एकदमच चालू झालो. राज्याची सबसिडी मात्र कागलला संपते, पलीकडं कर्नाटकची वेगळी, दोन राज्यांत जोडलेला धंदा कुणीच मोजत नाही.

नवीन पोरांनो, बिलावर उद्यम नंबर (छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) छापा आणि पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, पेमेंट ४५ दिवसांत असं लिहून घ्या, लेखी काही नसेल तर कायद्यानं १५ च धरतात. ४३बी एच म्हणतात त्या इन्कम टॅक्सच्या नियमामुळं पेमेंटला उशीर करणाऱ्याला तो खर्च पैसे देईपर्यंत इन्कम टॅक्सला धरता येत नाही, त्यामुळं मार्चमध्ये फोन उचलले जातात. जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्याच्या शेडमध्ये कामाला पडलेला, माल बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये वेगळ्या रकान्यात दाखवा आणि कर्जाच्या सँक्शन लेटरमध्येच तो धरायची अट घालून घ्या, सही झाल्यावर कोण ऐकत नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आता ट्रेड्सवर (छोट्या उद्योगांच्या बिलांवर लवकर पैसे मिळवून देणारा ऑनलाइन प्लॅटफॉर्म) यायला लागतंय, पण आमच्या पट्ट्यातली बरीचशी गिऱ्हाइकं त्याच्या खालची, त्यांची वसुली अजून फोनवरच चालते.