ईस्ट एंड: काँक्रीटच्या शिळेवरचा शेवटचा अंक उलगडला

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात रिचमंडला ईस्ट एंड ही कृष्णवर्णीयांची जुनी दफनभूमी आहे. तेथील एका कबरीच्या काँक्रीटच्या शिळेवरचे साल अखेर वाचता आले: ऑक्टोबर 1918. मागील नोंदीत शेवटचा अंक 3 की 8, येथेच गाडे अडले होते.

संगमरवर न परवडणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी अशा शिळा स्वतः साच्यात ओतल्या आणि काँक्रीट ओले असतानाच त्यांवर हाताने अक्षरे ओढली. त्यामुळे या अक्षरांना मुळातच खोली कमी. त्यातच शिळेवर चढलेली इंग्लिश आयव्हीची वेल बुंध्याशी कापून, पूर्ण सुकू देऊन मगच काढली, तरी तिच्या मुळ्यांचे ठसे नेमके त्या अंकावर राहिले. डी/2 हे शिळा स्वच्छ करण्याचे द्रावण फवारून, नरम ब्रश फिरवून, भरपूर पाण्याने धुतल्यावर शेवाळ गेले आणि पुढच्या काही आठवड्यांत काळे डागही उजळले. अंक मात्र संदिग्धच राहिला. आणखी घासले असते, तर सुट्या झालेल्या वाळूबरोबर उरलेली रेघही गेली असती. आरशाने तिरपे ऊन पाडावे, तर वर झाडांची दाट सावली. शेवटी काळे कापड धरून अंधार केला, टॉर्च डावीकडून शिळेच्या पृष्ठभागालगत आणला आणि 3 च्या मोकळ्या बाजूला दोन बारीक वळणे स्पष्ट उमटली. त्या वेळी झालेला आनंद शब्दांत मांडणे कठीण आहे.

1918 चा ऑक्टोबर म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीचा ऐन भर. व्हर्जिनियात 1912 पासून मृत्युनोंदणी सलग असल्यामुळे आडनावाच्या उरलेल्या अक्षरांवरूनही दाखला शोधता येईल. वंशजांचा शोध लागेपर्यंत ते आडनाव येथे देत नाही. शेजारच्या एव्हरग्रीन दफनभूमीत, बँक स्थापन करणाऱ्या प्रसिद्ध कृष्णवर्णीय उद्योजिका मॅगी वॉकर यांच्या कबरीपाशी लोक आवर्जून थांबतात. या शिळेपाशीही कोणी थांबावे, अशी मनापासून इच्छा आहे.

कललेली शिळा उचलून खडीच्या थरावर सरळ बसवण्याचा बेत होता. मात्र हे लिहिताना शिळेमागचे युक्काचे, टोकदार पानांचे झुडूप आठवले. युक्का कबरीची खूण म्हणून लावली जात असे, त्यामुळे शिळेची मूळ जागा कदाचित तीच दाखवत असेल. म्हणून उचलणे तूर्त पुढे ढकलतो. आधी कॅमेरा एका जागी ठेवून प्रकाशाची दिशा बदलत छायाचित्रे घेईन आणि मग युक्काच्या रेषेत सळईने हलके चाचपून पायथ्याचा दगड लागतो का, ते पाहीन. तोवर युक्काला कोणीही हात लावू नये, ही विनंती.